मेव्हिस ग्रिमशॉची एकतिसावी डर्बी

माणूस कशाला भिईल ह्याचा काही नेम नाही. मेव्हिस ग्रिमशॉ वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी भ्यायली ती फुटबॉलच्या गुणतक्त्याला. मे महिन्यातला शनिवार होता. ब्रॅकशॉमधल्या आपल्या छोट्याशा घरात ती टोस्ट खात रेडिओ ऐकत बसली होती, आणि रेडिओवरच्या माणसाने सांगितलं की हेझलडेनचा संघ वरच्या विभागात चढला. हेझलडेन म्हणजे तिचं जन्मगाव आणि तिचा क्लब. दुसरी कुणी असती तर टेबलाभोवती नाचली असती. मेव्हिसने मात्र हातातला टोस्ट खाली ठेवला. कारण वरच्या विभागात ब्रॅकशॉचा संघ आधीच बसलेला होता. म्हणजे सव्वीस वर्षांनी ह्या दोन गावांची पुन्हा गाठ पडणार होती, आणि मेव्हिस राहत होती ती नेमकी शत्रूच्या गावात, ब्रॅकशॉच्या लूम स्ट्रीटवर, आपण कुठल्या हे एकालाही न सांगता.

आता तुम्ही म्हणाल, नऊ मैलांवरची दोन गावं, मध्ये एक उघडीबोडकी टेकडी, त्यात शत्रू कसला? तसं म्हणणाऱ्याने ऑक्टोबरात इकडे येऊन दाखवावं. पहिली मॅच अठराशे ब्याऐंशी साली गुरांच्या बाजाराच्या पटांगणात झाली, आणि त्या मॅचचा पंच शेवटी कातडी कमावणाऱ्याच्या आवारात लपून बसला होता. एकोणीसशे सातच्या सामन्याला रंगाऱ्यांच्या कारखान्याच्या छपरावर एवढी माणसं चढली की छप्पर खाली बसलं. कोणी मेलं नाही, आणि कोणी मेलं नाही ह्याचं श्रेयसुद्धा दोन्ही गावं आपापल्याकडे घेतात. एकोणीसशे सव्वीसच्या संपात दोन्ही संघ उपाशी पोरांसाठी वर्गणी काढायला एकत्र खेळले, तर मध्यंतरापर्यंत बरं चाललं आणि मध्यंतरानंतर वर्गणीच्या डब्यांनीच मारामारी झाली. हेझलडेनचे कपडे पिवळे-काळे, म्हणून ब्रॅकशॉवाले त्यांना गांधीलमाश्या म्हणतात. ब्रॅकशॉ हिरवं, म्हणून ते बेडूक. लग्नात, मयतीला, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही हे सुटत नाही.

मेव्हिसला ही सगळी कुंडली तोंडपाठ होती. चौपन्न साली, तेरा वर्षांची असताना, बापाने तिला संत्र्यांच्या खोक्यावर उभं करून पहिली डर्बी दाखवली. डर्बी म्हणजे ह्या दोघांची मॅच, दुसऱ्या कुणाची नाही. पुढे गिरणीत मागावर लागली, नॉर्मन ग्रिमशॉशी लग्न झालं, आणि दोघं मिळून डर्बीला जायला लागली. एकही चुकली नाही. पोटात सात महिन्यांची जिलियन होती तेव्हाही ती कठड्याला धरून उभी राहिली होती. अशा तीस झाल्या. तिसावी त्र्याऐंशी साली. त्या दिवशी कुणीतरी कडा घासून धार लावलेलं नाणं भिरकावलं आणि नॉर्मनची भुवई उभी चिरली. रक्ताने त्याचा डोळा भरला तरी तो विचारत होता, गोल कुणी मारला. त्यानंतर दोन्ही क्लब वेगवेगळ्या विभागांत गेले आणि डर्बी बंद पडली. गावं वरवर हळहळली. आतून सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, पण हे कबूल करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्या सव्वीस वर्षांतच मेव्हिसचं बस्तान हललं. नॉर्मन गेला. तिच्या खुब्याचं हाड बदलावं लागलं. जिलियनने ब्रॅकशॉचा नवरा केलेला होता आणि ती तिथल्याच इस्पितळात नोकरी करत होती. तिने आईसाठी आपल्यापासून तीन गल्ल्यांवर घर शोधलं. सामान उतरवतानाच तिने बजावलं, आई, इथे फुटबॉलचा विषय काढायचा नाही, कुणी विचारलंच तर तुला त्यातलं ओ का ठो कळत नाही. त्यालाही कारण होतं. ह्याच लूम स्ट्रीटवर पूर्वी एक हेझलडेनचा पोस्टमन राहायचा. त्याने एकदा, एकदाच, खिडकीत पिवळा-काळा झेंडा लावला. खिडकी तर फुटलीच, पण पुढे महिनाभर रोज सकाळी दारातल्या पत्रांच्या फटीतून मासळीची घाण आत यायची. तिसऱ्या महिन्यात त्याने बिऱ्हाड उचललं. मेव्हिसला बिऱ्हाड उचलून जायला जागाच नव्हती. हे घर सुटलं की वृद्धाश्रम, हे जिलियन बोलली नव्हती तरी दोघींना ठाऊक होतं. म्हणून गावाचं विचारलं की मेव्हिस आपल्या आईच्या माहेरचं गाव सांगायची आणि विषय हवापाण्यावर न्यायची.

सहा वर्षं निभावलं. निभावलं ते शेजारच्या डॅरेन ऑगडेनमुळे. चाळिशीला टेकलेला, बायको सोडून गेलेली, पावाच्या कारखान्यात कामाला. दांडगा गडी, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये असा. पण मेव्हिसचा कचऱ्याचा डबा तोच बाहेर काढायचा, बर्फ पडलं की तिची पायरी तोच मोकळी करायचा, आणि तिच्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे होती. रोज सकाळी सातला तो कामावर निघाला की मेव्हिस चहाचा कप घेऊन पुढच्या खिडकीत उभी असायची. ती हात हलवायची, तोही हलवायचा. ज्या दिवशी ती खिडकीत दिसणार नाही त्या दिवशी किल्ली लावून आत यायचं, असं त्यांचं ठरलं होतं. एकट्या बाईला एवढा आधार पुष्कळ झाला.

आणि हाच डॅरेन ब्रॅकशॉच्या मैदानात डाव्या कोपऱ्यातल्या त्या टोळक्यात उभा राहायचा, ज्यांची नावं पोलिसांना पाठ होती.

जूनमध्ये वेळापत्रक आलं. सतरा ऑक्टोबर, शनिवार, दुपारी बारा, ब्रॅकशॉच्या मैदानावर. त्या दिवसापासून गल्ली बदलली. समोर राहणारी थेल्मा पिलिंग, निवृत्त बस कंडक्टर, जिचं दार हिरवं, पडदे हिरवे, आणि जिने नवऱ्याच्या शवपेटीतही हिरवा मफलर ठेवला होता, तिने दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला दिवस मोजून दाखवायला सुरुवात केली. टोकाच्या भिंतीवर कुणीतरी चिरडलेली गांधीलमाशी रंगवली, चांगली पुरुषभर उंच. मेव्हिस दुकानात जाताना त्या बाजूने जाईनाशी झाली, लांबचा वळसा घ्यायला लागली. सप्टेंबरात डॅरेन तिच्या स्वयंपाकघरातला दिवा बदलायला स्टुलावर चढला होता. वरूनच म्हणाला, ह्या वेळी एकेक माशी ठेचायची आहे, मावशी, सव्वीस वर्षांचं उट्टं काढायचं आहे. मेव्हिस स्टूल धरून उभी होती. स्टूल इतकं हलायला लागलं की त्याने खाली बघून विचारलं, थंडी वाजते का.

जाऊ नये, हाच शहाणपणा होता. जिलियनने हात जोडले, रागावली, शेवटी रडली. म्हणाली, तुला कुणी ओळखलं तर मी तुला कुठे ठेवू. रात्ररात्र तिला पत्रांच्या फटीचा आवाज ऐकू यायचा, उठून बघावं तर काही नसायचं. पण तीस डर्ब्यांत तिने थंडी सोसली होती, हार सोसली होती, नवऱ्याचं रक्त बघितलं होतं, आणि केवळ भीतीपोटी ती घरी बसली असं एकदाही झालं नव्हतं. आता बसली तर उरलेलं आयुष्य ती ह्या घरात मेव्हिस ग्रिमशॉ म्हणून नाही, कुणीतरी भाडेकरू म्हणून काढेल, असं तिला वाटत होतं. हे तिने जिलियनला सांगितलं नाही. सांगून पटलंही नसतं.

तिकिटाची तऱ्हा तर विचारूच नका. पोलिसांनी नियम केला होता की पाहुण्या संघाच्या माणसाला तिकीट मिळेल ते बसच्या जागेसकटच. बस हेझलडेनच्या मैदानापासून सुटणार, पोलिसांच्या पहाऱ्यात थेट ब्रॅकशॉच्या फाटकात नेणार, आणि मॅच झाली की तशीच परत नेऊन सोडणार. मध्ये चढायचं नाही, मध्ये उतरायचं नाही. मेव्हिसने क्लबात फोन करून भीतभीत विचारलं, की मी ब्रॅकशॉमध्येच राहते, मैदान माझ्या घरापासून पायी पंधरा मिनिटं आहे, तर चालत आलं तर चालेल का? फोनवरची मुलगी आधी हसली, मग म्हणाली, नाही हो आजी, तुम्हाला हेझलडेनला येऊनच परत जावं लागेल. आणि नाव, पत्ता लिहून घेतला. पत्ता सांगताना मेव्हिसने रिसिव्हरवर हात धरला होता, भिंतीपलीकडे डॅरेनला ऐकू जाऊ नये म्हणून.

सतरा तारखेला सकाळी सातला ती साधा करडा कोट घालून निघाली. पिवळा-काळा मफलर पावाच्या पिशवीत, त्यावर दोन बटाटे. डॅरेनला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की चुलतबहिणीकडे जाते, रात्री उशीर होईल, खिडकीत नसले तर घाबरू नकोस. तो म्हणाला, बरं झालं, आज गावात न थांबलेलंच बरं. त्याच्या बोलण्यात काळजी होती आणि ती खरी होती, ह्याचंच मेव्हिसला वाईट वाटलं.

हेझलडेनला उतरल्यावर मात्र तासभर तिची भीती पळाली. ओळखीचे चेहरे दिसले. गिरणीतली एक मैत्रीण काठी टेकत आली होती, तिने मेव्हिसला मिठी मारून विचारलं, कुठे गडप झाली होतीस गं, बेडकांनी गिळलं की काय? मेव्हिसने मफलर काढून गळ्यात घातला. सहा वर्षांनी. अठरा बसगाड्या रांगेत उभ्या होत्या, पुढे मागे पोलिसांच्या मोटरसायकली, वर हेलिकॉप्टर. तिला चार नंबरची बस मिळाली, खिडकीची जागा. टेकडी चढेपर्यंत बस गात होती. टेकडी उतरून ब्रॅकशॉची पहिली घरं दिसली तशी गाणी एकेक करून थांबली, आणि मग नुसता इंजिनाचा आवाज राहिला.

ठरलेला रस्ता मोठ्या रस्त्याने होता. पण तिथे गर्दीने वाट अडवली, म्हणून पोलिसांनी रांग डावीकडे वळवली. मेव्हिसला वळणावर आपल्या गल्लीआधीचं चिप्सचं दुकान दिसलं. इथून पुढे कुठला रस्ता लागतो हे त्या बसमध्ये तिच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं. ती खाली वाकू लागली, पण नवीन खुबा वाकू देईना. बस लूम स्ट्रीटवर शिरली.

आख्खी गल्ली बाहेर आली होती. थेल्मा पिलिंग पातेल्याच्या झाकणावर डाव बडवत होती. ज्या बायका मेव्हिसला दुकानात आधी पुढे जाऊ द्यायच्या, त्या तोंडं वाकडी करून ओरडत होत्या. काचेमुळे शब्द ऐकू येत नव्हते, पण ते कळायला ऐकू यावं लागत नव्हतं. चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवणारा म्हातारा गळ्यावरून बोट फिरवून दाखवत होता. मेव्हिस जीव मुठीत धरून बसली होती. मनात एकच धोशा, थांबू नकोस, थांबू नकोस. आणि पुढे कुठेतरी काहीतरी अडलं, आणि चार नंबरची बस थांबली. तिच्या स्वतःच्या घरासमोर.

तिला आपले पडदे दिसले. खिडकीतली फुलझाडाची कुंडी दिसली. आणि तिच्याच पायरीवर, गर्दीतून वर दिसावं म्हणून चढून, डॅरेन उभा होता. त्याची नजर बसच्या एकेका खिडकीवरून सरकत येत होती. ती तिच्या खिडकीवर आली आणि थांबली.

आणि मेव्हिसने हात हलवला.

का हलवला, म्हणून पुढे तिला पुष्कळांनी विचारलं. अहो, का म्हणजे काय! सहा वर्षं रोज सकाळी काचेमागून तो माणूस दिसला की हात आपोआप वर जायचा, तसा गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्याकडे डर्बीच्या बसमधून बाहेरच्याला हात हलवणं म्हणजे काय, हे तिला तीस डर्ब्यांनी शिकवलेलं होतं. ती वाकुली असते. भांडणाला बोलावणं असतं. हात वर गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं, आणि तो खाली घ्यायच्या आत काच फुटली.

काचेचा चुरा मांडीवर सांडला, आणि डाव्या कानशिलावर काहीतरी आदळलं. अर्धी वीट होती. शेजारचा माणूस ओरडला, बस हलली, आणि मेव्हिसला आपल्या मफलरचा पिवळा पट्टा काळ्यासारखाच गडद होत चाललेला दिसला.

मैदानात मलमपट्टी करणाऱ्यांनी जखम बांधली आणि इस्पितळात जायला सांगितलं. ती नाही म्हणाली. त्या इस्पितळात जिलियन होती. मॅच तिने एका डोळ्याने बघितली. आपल्या लोकांत बसूनही तिची नजर राहून राहून डाव्या कोपऱ्याकडे जात होती, आणि एवढ्या लांबून त्या हिरव्या गर्दीतलं कोणी ओळखू येत नव्हतं. एक-एक अशी बरोबरी होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ब्रॅकशॉला पेनल्टी मिळाली आणि हेझलडेन दोन-एकने हरलं. परत जाताना एक तरुण शिपाई बसमध्ये चढून सगळ्यांची नावं घेत होता. मेव्हिसचा पत्ता वाचून तो चमकला. म्हणाला, म्हणजे तुमच्याच गल्लीत? उद्या सकाळी आमचा माणूस जबाब घ्यायला येईल. तिने विनवलं, नको, मला काही तक्रार नाही. तो म्हणाला, आजी, वीट आहे ही, हे आता तुमच्या हातात नाही.

नियमाप्रमाणे तिला हेझलडेनला नेऊन सोडलं. तिथून ती साध्या बसने परत ब्रॅकशॉला आली, टोपी पट्टीवर ओढून, मफलर पिशवीत बटाट्यांखाली कोंबून. हेझलडेनला चुलतबहीण खरोखरच होती, तिच्याकडे राहता आलं असतं. पण औषधं घरी होती, आणि न जाणं म्हणजे कायमचं जाणं, असं तिला वाटलं. घरात शिरून तिने दाराला आतून कडी घातली, आणि कडी घालताना तिला कळलं की आपण कुणासाठी घालतोय.

रविवारी सकाळी तिने सवयीने वाटाण्याचं सूप गॅसवर चढवलं. हाताला काहीतरी चाळा हवा होता. एक कान रस्त्याकडे. पोलिसांची गाडी दारात थांबली की गल्ली विचारणार, ही बाई कशाला हवी पोलिसांना, आणि मग सगळं उघडं. नऊच्या सुमारास मागच्या दारावर टकटक झाली. मागून येणारा एकच होता.

तिने दार उघडलं. उघडलं नसतं तरी किल्ली त्याच्याकडे होतीच. डॅरेन आत आला आणि तिच्या कपाळावरच्या पट्टीकडे न बघता गॅसशेजारी उभा राहिला. एवढा दांडगा माणूस, पण रात्रभर झोपला नसावा. म्हणाला, कुणालाच माहीत नाही. तुम्ही बसमध्ये होता ते माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही, आणि वीट कुणी मारली तेही. तुम्ही म्हणा की पडले. मी म्हणतो की मी घरी होतो. तुम्ही राहा, मी राहतो, जसं होतं तसं.

मेव्हिसच्या मनात आलं की हो म्हणावं. घर राहील, कचऱ्याचा डबा जाईल, बर्फ निघेल. फक्त रोज रात्री भिंतीपलीकडे तो असेल आणि त्याच्या खिशात तिची किल्ली असेल, आणि तो तिला सांभाळतोय की तिच्यावर पाळत ठेवतोय हे दोघांनाही कळणार नाही. तिने टेबलाची कड धरली.

"एकच सांग," ती म्हणाली. "मी दिसले ती वीट मारायच्या आधी, की नंतर?"

सूप उकळायला लागलं होतं, त्याचं झाकण वाजत होतं. एका शब्दाने सुटता आलं असतं त्याला. नंतर, असं म्हटलं असतं तर तिने मानलं असतं, मानायचीच तयारी होती तिची.

"आधी," डॅरेन म्हणाला. मग त्याचा बांधच फुटला. "वीट हातात होती, पण मारायची का नाही ठरलं नव्हतं, खरं सांगतो. तेवढ्यात तुम्ही दिसलात. तो मफलर गळ्यात. सहा वर्षं तुमची पायरी मी मोकळी केली, आणि तुम्ही त्यांच्यातल्या निघालात. आणि वर हात हलवून मला हसताय."

"हसत नव्हते रे. रोज हलवते तसाच हलवला."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवढ्यात पुढच्या रस्त्यावर गाडी थांबली, दार लागलं, आणि थेल्मा पिलिंगचा आवाज आला, कुणाकडे आलात म्हणून विचारणारा.

डॅरेन हलला. मेव्हिसला वाटलं, आता हा माझं तोंड दाबणार. तिला त्या माणसाची इतकी भीती कधीच वाटली नव्हती, कालही नाही. पण तो फक्त भिंतीला टेकला. मेव्हिस पिशवीपाशी गेली, बटाटे बाजूला केले, मफलर काढला. रक्त वाळून तो एका बाजूला कडक झाला होता. तो तिने गळ्यात घातला. भिंत धरून धरून ती पुढच्या दारापर्यंत गेली, कडी काढली आणि दार सताड उघडून पायरीवर उभी राहिली.

रविवारची सकाळ, चर्चला निघालेली माणसं, दारादारांतून डोकी. सगळी गल्ली तिच्या गळ्याकडे बघत होती. गाडीतून उतरलेली शिपाईबाई वही काढून काही विचारणार, त्याआधीच मेव्हिस बोलली. बारीक आवाज निघाला, म्हणून पुन्हा मोठ्याने बोलली.

"मी हेझलडेनची. काल चार नंबरच्या बसमध्ये मी होते."

शिपाईबाईने विचारलं, वीट मारणारा दिसला का.

"माझ्या स्वयंपाकघरात आहे तो," मेव्हिस म्हणाली. "त्याचा तो बाहेर येईल. जरा थांबा."

शिपाईबाई पुढे झाली, तर मेव्हिसने दारात हात आडवा धरला. थांबा म्हटलं ना. मागचं दार उघडंच होतं. मागे बोळ, बोळाच्या टोकाला कालवा, तिथून कुठेही जाता येतं. तो गेला तर तिच्या शब्दाला कोण विचारणार, आणि उद्या ह्याच गल्लीत ती एकटी. ती मागे वळून बघत नव्हती. घरातून काही आवाज येत नव्हता. मग पाऊल वाजलं. ते मागे जातंय की पुढे येतंय हे तिला क्षणभर कळलं नाही.

डॅरेन तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिने हात खाली घेतला. तो बाजूने पायरी उतरला, म्हणाला, मीच मारली, आणि गाडीकडे चालू लागला. गाडीच्या दारात पाय ठेवताना त्याने मान वळवली, पण तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. म्हणाला, "गॅस बंद केलाय, मावशी. सूप खाली लागलं असतं."

गाडी गेली. गल्ली तशीच उभी. मेव्हिस चौकट धरून पायरीवरच उभी राहिली. तिला पत्रांची फट आठवली, तो पोस्टमन आठवला. समोरचं हिरवं दार उघडं होतं आणि थेल्मा पिलिंग रस्ता ओलांडून तिच्याकडे येत होती, हातात आपली ती खुर्ची. मेव्हिसने डोळे मिटून घेतले.

खुर्ची पायरीवर आदळली. थेल्माने तिला दंडाला धरून खाली बसवलं, पट्टी जरा वर करून जखम बघितली, आणि च्‌ च्‌ केलं. मग कमरेवर हात ठेवून आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सहा वर्षं माझ्यासमोर गांधीलमाशी बसली होती, आणि मला पत्ता नाही. बरं, दोन-एक हरलात ना काल? काय सुंदर पेनल्टी होती!"

मेव्हिसने डोळे उघडले. तिने हात मफलरच्या टोकांत गुंडाळले.

"पेनल्टी नव्हती ती," ती म्हणाली.